लोंकरीची पेटी

सातपुड्यावरील तोरणमाळ सुमारें ११५० मीटर उंच. पौषांत यशवंत तलावाकांठीं पहाटे उभें राहावयाचें तर शालीवर शाल हवी. खालीं शहाद्यास माघ सरतांच तीच नकोशी होते. मग नऊ-दहा महिने लोंकर पेटींत पडून! कसरीस याहून निवांत घर कोणतें?

कपडा उडणारा पतंग खात नाहीं, त्याच्या अंड्यांतून निघालेली अळी खाते. आणि घामानें, तेलानें, सांडलेल्या दुधानें मळलेली लोंकर तिला विशेष प्रिय. सबब शाल धुतल्यावांचून घडी करूं नये. उन्हांत उलटसुलट करून, शिवणींतून ब्रश फिरवून, घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी. सोंवळ्याच्या मुकट्यासही हाच नियम, रेशीमही प्राणिजच. वेखंड व कडुनिंब आम्हांसही प्रिय आहेत, परंतु त्यांच्या वासानें अंडीं मरत नाहींत.

डांबरगोळ्यांविषयीं मात्र गृहिणींस निक्षून सांगणें आहे. ज्या तान्ह्या मुलाच्या रक्तांत जी६पीडी नामक द्रव्याची जन्मतः उणीव असते, त्याच्या रक्तपेशी नॅफ्थलीनच्या वाफेनें फुटतात व तीव्र कावीळ होते. गोळ्यांत ठेवलेल्या पांघरुणांमुळें अर्भकें दगावल्याच्या नोंदी वैद्यकांत आहेत. आणि ही उणीव बहुधा आजारानंतरच कळते. म्हणून बाळाची लोंकरी कुंची, दुपटीं यांजजवळ गोळी नकोच. तीं पिशवींत घट्ट बांधून शीतपेटीच्या बर्फकप्प्यांत, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेवावीं. अळी व अंडीं दोन्ही मरतात. बर्फांत कुंची पाहून घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस हंसूं येईल, येऊं द्यावें.