नेणारी गाडी फुकट, परत आणणारी कुठे आहे?

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, नांदेड
मार्फत : मा. तहसीलदार, माहूर

विषय : फिट, सिकलसेल, दमा अशा जुन्या आजारांच्या रुग्णांना गरज नसताना नांदेडला पाठवण्याबाबत.

महोदय,

108 ची गाडी 2014 पासून आहे, फुकट आहे, तिने जीव वाचवलेत. तक्रार गाडीची नाही. पण ती फक्त नेते. नांदेड इथून सुमारे 130 किलोमीटर. तिथे सलाईन, रक्ततपासणी आणि 'आता घरी न्या'. सोबतच्याची मजुरी बुडालेली असते. एसटी चुकली तर खासगी गाडी, तीही उसनवारीवर. शिवाय गाडी जाऊन येईस्तोवर निम्मा दिवस जातो. तेवढ्यात इकडे कुणाला साप चावला तर?

बसस्थानकावर फिट आली की एक जण चप्पल हुंगवतो, दुसरा दातांत चमचा कोंबतो, तिसरा 108 ला फोन लावतो. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. रुग्ण भानावर येतो तेव्हा स्ट्रेचरवर असतो आणि 'मला घरी जायचंय' हे त्याचं बोलणं भ्रमातलं धरलं जातं. फिट पाच मिनिटांवर गेली, लागोपाठ आली, पहिल्यांदाच आली किंवा डोक्याला मार लागला, तर जरूर न्या. एरवी तो पुरता शुद्धीवर येईपर्यंत थांबा, त्याला विचारा, नकार दिला तर लिहून घ्या. उपचाराला संमती देणं-न देणं हा रुग्णाचा हक्क आहे.

कोलाम, गोंड, आंध वस्त्यांत सिकलसेल आहे. 2047 पर्यंत तो संपवण्याचं राष्ट्रीय अभियान 2023 मध्ये सुरू झालं; पण सिकलसेल तपासणीचं कार्ड वाटून सांध्यांतला ठणका थांबत नाही. साध्या ठणक्याला सलाईन, वेदनाशामक इंजेक्शन आणि लक्ष ठेवणारी नर्स लागते. एवढं माहूरच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रीही मिळालं पाहिजे. ताप, छातीत दुखणं, धाप असेल तर पाठवाच. मात्र रेफर करताना कारण चिठ्ठीवर लिहा. 'पुढील उपचारार्थ' हे कारण नव्हे.

पाठवायचंच तर यवतमाळचं वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. पैनगंगेपलीकडे जिल्हा बदलतो, आजार नाही.

ज्याला त्याच दिवशी सोडलं, त्याच्या परतीची सोय आरोग्य खात्याने करावी. सिकलसेल व डायलिसिसच्या रुग्णांना एसटीत सवलत आहे, पण मध्यरात्री एसटी नसते.

नवरात्रात माहूरगडावर लाखोंची गर्दी होते. त्याआधी होमगार्ड, एसटी कर्मचारी आणि आशाताईंना फिटचे प्रथमोपचार शिकवावेत : कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. या सर्व मागण्यांवर घटस्थापनेपूर्वी लेखी उत्तर हवे.

आपले,
माहूर तालुक्यातील रुग्ण व नातेवाईक