देवाची पेढी, माणसांचा बाजार

भूमध्य समुद्रातील पर्यटक-जहाजे ग्रीसच्या बंदरांत बहुधा सकाळी लागतात आणि संध्याकाळी निघतात. मधल्या काही तासांत किनाऱ्यावर काय पाहायचे, याची यादी जहाजावरच हाती पडते. पिरेअसला उतरलात तर अथेन्सचे अक्रोपोलिस, कटाकोलोला उतरलात तर ऑलिंपिया. मिकोनॉस बेटावर मात्र पुष्कळ प्रवासी पांढऱ्या भिंतींच्या गल्ल्यांत आणि तिथल्या दुकानांत रमून जातात. माझे वाचकांना सांगणे असे की, त्या दिवशी दुकानांचा मोह टाळावा आणि जुन्या धक्क्यावरून लहान बोटीने अर्ध्या तासावरचे डेलॉस गाठावे. अक्रोपोलिस भव्य आहे, यात वाद नाही. पण ज्याने उभे आयुष्य खातेवह्या तपासण्यात घालवले, त्याला डेलॉसच्या दगडांशी अधिक बोलता येते.

बेट केवढे, तर जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचे. झाड नाही, सावली नाही, वारा मात्र अखंड. टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नये. आपल्या आहाराचे म्हणाल तर खाकरे, पुरी-चटणी आणि सुका मेवा सोबत असला की प्रश्न उरत नाही. उन्हाळ्यात तिकडे सूर्य मावळतो साडेआठच्या सुमारास, त्यामुळे जहाजावर परतून सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणेही सहज जमते.

अपोलो आणि आर्टेमिस या जुळ्या भावंडांचा जन्म या बेटावर झाला, अशी ग्रीकांची श्रद्धा. म्हणून हे त्यांचे महातीर्थ. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सने या तीर्थाचे ‘शुद्धीकरण’ केले. बेटावरची सारी थडगी उकरून समोरच्या रेनीआ बेटावर नेण्यात आली, आणि यापुढे डेलॉसवर कोणी जन्मू नये, कोणी मरू नये, असा नियम झाला. दिवस भरलेल्या स्त्रिया आणि शेवटच्या घटका मोजणारे रुग्ण होडीतून पलीकडे नेले जात. आजही राखणदार आणि उत्खनन करणारे सोडले तर येथे रात्री कोणाला राहता येत नाही. शत्रुंजयाच्या गिरिराजावरून दिवस मावळण्यापूर्वी सर्वांनी खाली उतरायचे, ही शिस्त ज्यांनी पाळली आहे त्यांना या नियमाचे नवल वाटणार नाही. जन्ममृत्यूवरच बंदी घालणे मात्र मला फारच सरकारी वाटले.

देवाच्या घरी धन सुरक्षित राहते, हा विश्वास तिथेही होता. इराणी साम्राज्याविरुद्ध ग्रीक नगरराज्यांचा जो संघ इ.स.पू. ४७८ मध्ये उभा राहिला, त्याची वर्गणी डेलॉसवर जमा होत असे. इ.स.पू. ४५४ मध्ये अथेन्सने हा खजिना आपल्याकडे हलवला, आणि त्यानंतर वर्गणीचा साठावा भाग अथीना देवीच्या नावे वळता होऊ लागला. सेवाशुल्काचे इतके प्राचीन उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पण खरी मौज पुढे आहे. इ.स.पू. ३१४ ते १६७ या काळात डेलॉस स्वतंत्र होते. त्या दीड शतकात देवस्थानचे विश्वस्त दरवर्षी आपला हिशेब संगमरवरी फलकांवर कोरून ठेवत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी येथे उत्खनन केले, त्यात हे फलक मोठ्या संख्येने सापडले. त्यांत काय नाही? देवाच्या मालकीच्या शेतजमिनी दहा वर्षांच्या कराराने आणि घरे पाच वर्षांच्या कराराने भाड्याने दिलेली, त्यांची जमा. देवाच्या निधीतून दिलेली कर्जे, बहुधा पाच वर्षे मुदतीची, व्याज द.सा.द.शे. १० दराने, तारण आणि जामीनदारांसह. ज्यांनी भाडे वा व्याज चुकवले त्यांची नावे, रकमेसह, दगडावर! आमच्या काळी थकबाकीदारांची यादी शाखेच्या फलकावर लावावी की नाही यावर केवढी चर्चा होत असे. खर्चाच्या बाजूला जळाऊ लाकूड, डांबर, पपायरसाचा कागद, कारागिरांची मजुरी. इतिहासकार या नोंदींवरून आज त्या काळचे भाव आणि त्यांतील चढउतार मांडतात.

विश्वस्त बदलले की जुन्यांनी नव्यांना चांदीची पात्रे वजनासह मोजून द्यायची. ज्याने बँकेत तिजोरीचा चार्ज दिला-घेतला आहे, त्याच्या अंगावर हे वाचून रोमांच उभे राहावेत. रोकड असे रांजणांत, आणि आत किती, कोठून आली, याची नोंद रांजणावर. देवाचा कोश आणि नगराचा कोश देवळातच, पण हिशेब स्वतंत्र. नगराला पैसा लागला तर तेही देवाकडून कर्ज काढत असे. देवद्रव्य आणि साधारण खाते एकमेकांत मिसळू नये, हा दंडक आपल्या संघांना नवा नाही. हिशेब नीट ठेवणारे माणसाला आपोआपच सज्जन वाटू लागतात. मला तरी वाटत होते. दुपार होईपर्यंत या अज्ञात विश्वस्तांविषयी माझ्या मनात बंधुभाव दाटला होता.

इ.स.पू. १६७-६६ च्या सुमारास चित्र पालटले. रोमने डेलॉस अथेन्सच्या ताब्यात दिले, मूळ रहिवाशांना बेटाबाहेर काढले आणि बंदर जकातमुक्त केले. हेतू उघड होता: ऱ्होड्स बेटाची व्यापारी मिजास मोडणे. ऱ्होड्सचे बंदर-उत्पन्न दहा लाख द्राख्मांवरून दीड लाखावर घसरले, अशी तक्रार त्यांच्या वकिलांनी रोममध्ये केल्याचे पॉलिबिअस या इतिहासकाराने नोंदवले आहे. इ.स.पू. १४६ मध्ये रोमने कोरिंथ उद्ध्वस्त केल्यावर तिथला व्यापारही इकडे वळला. इटलीचे, सीरियाचे, इजिप्तचे व्यापारी येथे पेढ्या घालून बसले. बैरूतच्या व्यापाऱ्यांनी आपल्या मंडळाची स्वतंत्र वास्तू बांधली. तिच्यात बैठकही होती आणि देवघरही. इजिप्तच्या इसिसचे देऊळ, सीरियाच्या देवीचे देऊळ, यहुद्यांचे प्रार्थनागृह, सारे शेजारी शेजारी नांदले. अस्कालोनहून आलेला फिलोस्ट्रॅटस नावाचा सराफ इतका संपन्न झाला की, इटालियन व्यापाऱ्यांच्या मोठ्या चौकाच्या बांधकामास त्याने देणगी दिली. देणगीदाराचे नाव दगडात कोरण्याची हौसही सार्वत्रिक दिसते.

त्यांची घरे आज पाहता येतात. अंगणात खांब, खांबांमध्ये रंगीत खड्यांची चित्रजमीन, तिच्याखाली पावसाचे पाणी साठवण्याचे टाके. एका घरात हिंस्र श्वापदावर आरूढ झालेला डायोनिसस आहे. त्याच्या पंखांतील रंगांच्या छटा पाहताना हे दगडाचे तुकडे आहेत, याचा विसर पडतो. नाक्सॉसच्या संगमरवराचे प्रसिद्ध सिंह मात्र बाहेर दिसतात ते प्रतिकृतीरूपात. मूळ सिंह संग्रहालयात आहेत.

एवढी समृद्धी कशातून आली? धान्य, तेल, मद्य, सुगंधी द्रव्ये, हे तर होतेच. परंतु या बंदरातील सर्वांत तेजीचा माल होता माणूस. इटलीतील विस्तीर्ण जमिनींना राबणारे हात हवे होते. युद्धात पकडलेले, सागरी चाच्यांनी किनाऱ्यावरून पळवलेले स्त्री-पुरुष येथे आणले जात. एका दिवसात अनेक अयुते गुलाम उतरवून घेण्याची आणि रवाना करण्याची या बेटाची क्षमता होती, असे स्ट्रॅबो हा भूगोलकार लिहितो. अयुत म्हणजे दहा हजार. त्याचा ग्रीक शब्दही नेमका त्याच अर्थाचा आहे. आकडा फुगवलेला असू शकतो. तपासनीस म्हणून मी तो जसाच्या तसा स्वीकारणार नाही. पण निम्मा केला, दहावा भाग धरला, तरी या चिमुकल्या धक्क्यावर उभे राहून तो सोसवत नाही.

आमच्या गाइड बाई हे सांगत असताना सौ. शांतपणे ऐकत होत्या. मग मला म्हणाल्या, “अहो, डांबराचा सुद्धा हिशेब यांनी दगडावर ठेवला म्हणता. मग या माणसांची वही कुठे आहे?”

मी प्रश्न इंग्रजीत करून पुढे दिला. बाईंनी सांगितले ते असे: देवस्थानचे जे तपशीलवार हिशेब आहेत, ते जकातमुक्त बंदराच्या आधीच्या काळातले, आणि विक्री हा तर खासगी व्यापाऱ्यांचा व्यवहार. विकल्या गेलेल्यांची यादी कोठेही सापडलेली नाही. इतकेच नव्हे, तर बाजार नेमका कोठे भरत असे हेही निश्चित नाही. इटालियन व्यापाऱ्यांचा तो मोठा चौक हाच गुलामांचा बाजार, असे काही अभ्यासकांनी मांडले. इतरांनी ते खोडून काढले.

श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत ‘केशवाणिज्य’ येते, हे वाचकांना ठाऊक आहे. दास आणि पशू यांचा, म्हणजे केस असलेल्या सजीवांचा व्यापार. लहानपणी ही यादी पाठ करताना हा शब्द मला विनोदी वाटे. डेलॉसवर तो आठवला आणि त्याचे वजन कळले. त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे की, ज्याचा निषेध शास्त्राला नाव घेऊन करावा लागतो, तो धंदा आपल्या भूमीवरही चालत असणार. ग्रीकांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही.

पुढे इ.स.पू. ८८ मध्ये पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याच्या सैन्याने आणि इ.स.पू. ६९ मध्ये चाच्यांनी बेट लुटले. व्यापाराचे मार्ग बदलले, सराफ निघून गेले. ज्या चाच्यांकडून माल घेतला, त्यांच्यापासून शेवटी बेटाला संरक्षण उरले नाही. १९९० मध्ये युनेस्कोने डेलॉसचा जागतिक वारशात समावेश केला.

बोटीकडे परतताना, अगदी धक्क्यालगत, एक फरसबंद चौक लागतो. सकाळी उतरल्याबरोबर आपण तो घाईने ओलांडतो. चौरस्त्यांच्या रक्षक देवतांची पूजा करणारी एक मंडळी येथे जमत असे, आणि तिचे सभासद होते इटालियन धन्यांकडे येथेच कामाला राहिलेले गुलाम आणि बंधमुक्त झालेले दास. त्यांनी वर्गणी काढून देवांना वस्तू अर्पण केल्या आणि अर्पणलेखांत आपली नावे कोरली. गुलामाचे नाव, त्याला जोडून धन्याचे नाव. पुन्हा गुलामाचे, पुन्हा धन्याचे. विक्रीच्या वह्या नाहीत, पण एवढी नावे आहेत. बोट सुटायला थोडा अवधी होता. सौ. म्हणाल्या, आता याच चौकात थांबू या. आम्ही थांबलो.