एकास चोवीस

या सदरात एरवी आपण घर, दुकान आणि नातीगोती यांविषयी बोलतो. आजचा विषय वरवर पाहता पोरकट वाटेल. पण तो आमच्या घरात तीन वर्षे मुक्काम करून आहे, आणि त्याने माझ्याकडून एक जुनी बाकी वसूल केली, म्हणून लिहितो.

मेहरूणच्या आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. पूर्वी तिथे पापड-कुरडयांचे डबे, जुन्या खतावण्या आणि निकामी पंखे असत. आता ती माझ्या पुतण्याच्या ताब्यात आहे. वय चोवीस, शिक्षण बी.कॉम., सी.ए.च्या परीक्षेत दोनदा अपयश. दुसऱ्या निकालानंतर तो महिनाभर कोणाशी धड बोलला नाही. मग एके दिवशी टपालाने एक खोका आला. त्यात राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीला झाडाला बोरे लगडावीत तसे मोटारीचे बारीक बारीक भाग लगडलेले होते. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे, आणि शेवटी तळहातावर मावणारी गाडी उभी करायची. खोक्यावर प्रमाण लिहिले होते : एकास चोवीस. म्हणजे खऱ्या गाडीच्या एका फुटाला अर्धा इंच.

किंमत ऐकून मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. आपल्या घरांत रिकामा वेळ हाच मुळी तोटा मानला जातो. त्यात पैसे घालून वेळ रिकामा करायचा म्हणजे दुहेरी तोटा. शिवाय हे संच येतात परदेशातून. सीमाशुल्काच्या यादीत खेळणी आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती एकाच शीर्षकाखाली, 9503 खाली, येतात. फेब्रुवारी 2020 च्या अर्थसंकल्पात त्यांवरचे मूळ शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70 टक्के. देशी खेळणी-उद्योगाला त्याचा आधार मिळाला, ते योग्यच. पण हा छंद करणाऱ्याच्या खिशाला मात्र कात्री लागली.

माझा राग थोडा निवळला तो या धंद्याचा इतिहास ऐकून. या संचांचे जगातले एक मोठे नाव म्हणजे जपानच्या शिझुओका शहरातील टामिया. हे मूळचे लाकडाचे व्यापारी. 1946 साली योशिओ टामिया यांनी लाकूड कापण्याची गिरणी काढली, जोडीला लाकडी प्रतिकृतींचे संच विकू लागले. 1951 मध्ये लाकडाच्या साठ्याला आग लागली. पुढे गिरणी बंद करून त्यांनी जोडधंदा हाच मुख्य धंदा केला. 1960 साली प्लॅस्टिकमधली पहिली वस्तू काढली, ‘यामाटो’ ही युद्धनौका. नेमकी तीच नौका प्रतिस्पर्ध्यानेही बाजारात आणली, भाव पाडावा लागला आणि साच्याचा खर्चही निघाला नाही. त्यानंतर एका रणगाड्याच्या संचाने त्यांना तारले. त्या रणगाड्याचे प्रमाण एकास पस्तीस का, याचे कारण तर मला फार आवडले : आत मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्या होत्या, म्हणून आकार तेवढा ठेवला! पुढे तेच प्रमाण साऱ्या जगात रूढ झाले.

अमेरिकेतली कथाही व्यापाऱ्याला समजेल अशी. 1948 च्या सुमारास डेट्रॉईटच्या परिसरात नव्या मोटारींच्या लहान प्रतिकृती करून विक्रेत्यांना देण्याचा धंदा सुरू झाला. गिऱ्हाइकाच्या हाती नमुना द्यायचा, आणि नमुन्याला रंगही खऱ्या गाडीचाच. कापडाच्या पेढीत ठाण आणण्याआधी तुकडा दाखवतात, त्यातलाच हा प्रकार. घरी जोडायचे संच त्यानंतर आले.

आपल्याकडे, पुण्यात कोथरूडच्या बाजूला भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. 1998 साली ते सुरू झाले. पुतण्याने मला तिथे नेले. आगगाड्या, फाटक, सिग्नल, फनिक्युलर, सगळे बोटांएवढे आणि सगळे चालते. एका माणसाने पोटापाण्याचा उद्योग सांभाळून आयुष्यभर जमवलेले ते जग पाहून परतीच्या गाडीत मी बराच वेळ गप्प होतो.

आता कामाविषयी. आमचे दुकान शेतीच्या पाइपांचे व जोडसामानाचे. जळगावात प्लॅस्टिक म्हटले की पाइप, ठिबक आणि चटई. त्यामुळे पुतण्याला वाटले, डिंक आपल्या घरचाच आहे. त्याने पीव्हीसी पाइप जोडायचा द्राव बाटलीतून काढून गाडीच्या छताला लावला. पाच मिनिटांत छत उन्हातल्या गुळासारखे खचले. तत्त्व दोन्हीकडे एकच : द्राव प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात, द्राव उडून गेला की सांधा एकजीव होतो. परंतु संचाचे प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असते, पीव्हीसी नव्हे. त्याला सौम्य आणि पाण्यासारखा पातळ द्राव लागतो, तोही ब्रशच्या टोकाने सांध्याला नुसता टेकवायचा. कडेच्या फटीत तो आपोआप ओढला जातो. खिडकी उघडी हवी, नाकावर मुखवटा हवा; ही वाफ फुप्फुसांना चांगली नाही.

रंगकाम हे या छंदाचे खरे शास्त्र, आणि आमच्या खानदेशात ते अधिकच कठीण. आधी सर्व भाग साबणाच्या पाण्याने धुवायचे, कारण साच्यातून सुटावे म्हणून लावलेल्या तेलाचा अंश त्यांवर राहिलेला असतो. मग अस्तर, मग पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश-कागद, मग रंगाचे पातळ हात, एकावर एक. एकदम जाड हात दिला की ओघळ येतो आणि दाराच्या बारीक रेषा बुजतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 अंशांवर जातो. फवाऱ्यातून निघालेला थेंब गाडीपर्यंत पोहोचण्याआधीच हवेत सुकतो, आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो. पावसाळ्यात उलटे : द्राव भरभर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि चकचकीत काळ्या रंगावर दुधासारखी साय धरते. म्हणून उन्हाळ्यात तो पहाटे साडेचारला उठून रंग देई. परीक्षेच्या अभ्यासाला कधी उठला नव्हता, असे वहिनी म्हणाल्या. त्या वेळी ते वाक्य मला रास्त वाटले होते. आज वाटत नाही.

आपल्या घरांत उद्भवणारे दोन प्रश्न आमच्याकडेही उद्भवले. पहिला ब्रशचा. बारीक कामाचे नावाजलेले ब्रश प्राण्यांच्या केसांचे असतात. बाईजींनी एकदा खोक्यावर वाचून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून नायलॉनचे ब्रश आले. टोक लवकर वळते, पण काम अडत नाही. दुसरा प्रश्न काचेभोवतीच्या रुपेरी पट्टीचा. कोणीतरी सुचवले, चांदीचा वर्ख लावा. वर्ख पूर्वी जनावरांच्या आतड्यांच्या व कातड्याच्या पानांत ठेवून कुटत. 2016 साली तशा वर्खावर अन्नसुरक्षा नियमाने बंदी आली, तरी बाईजींच्या मनातून ती शंका गेलेली नाही. शेवटी पोळ्या गुंडाळण्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कागदातून अर्धा मिलिमीटर रुंदीची पट्टी कापली गेली. ती वर्खापेक्षा सरस दिसते.

पाच-सहा परदेशी गाड्या झाल्यावर पुतण्याने जाहीर केले की तो आता दादाजींची फियाट करणार.

बाबूजींनी ती 1969 साली घेतली होती. नोंदणी करून गाडीची वाट पाहण्याचे ते दिवस. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेली फियाट अकराशे. 1089 सीसीचे इंजिन, गिअरचा दांडा स्टीअरिंगलाच, पुढची बैठक अखंड. तिच्याआधीच्या गोलमटोल गाडीला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. ही त्यामानाने सडसडीत. हा कारखाना उभारणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे आणि आपल्याच समाजाचे, याचा बाबूजींना कोण अभिमान! पुढे पद्मिनी या नावाने ओळखली गेली ती हीच गाडी.

या गाडीचा संच आम्हांला कुठे मिळाला नाही. म्हणजे ती पांढऱ्या पॉलिस्टायरीनच्या कोऱ्या पत्र्यातून, कापून आणि वाकवून घडवायची होती. त्यासाठी मापे हवीत. दोन चाकांमधले अंतर 2340 मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत साडेसत्त्याण्णव. एवढे पुस्तकात मिळाले. बाकीच्यासाठी तो बाबूजींकडे गेला. बाबूजी आता एक्क्याण्णव वर्षांचे आहेत. ते सहज म्हणाले, “अरे, अमळनेरला त्या मास्तरांकडे असेल ना ती. काकाजींना पत्ता विचार. जा, टेप घेऊन मापून ये.”

वाचकहो, अमळनेरला कोणीही मास्तर नाहीत.

1996 साली आमचे येणे मोठ्या रकमेत अडकले होते. गाडी दारात उभी राहून गंजत होती, दुरुस्तीचा खर्च परवडणारा नव्हता. मी ती भंगारात दिली. बाबूजी तेव्हा मुंबईला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी गेले होते. परतल्यावर त्यांनी विचारले, आणि माझ्या तोंडून अमळनेर, मास्तर, चांगले कुटुंब, गाडी जपतील, असे एकेक निघत गेले. एकदा निघालेले परत कसे घ्यायचे? पहिली काही वर्षे ते मधून मधून विचारत, “मास्तरांचे पत्र आले का?” मी नाही म्हणत असे. तेवढेच त्यात खरे होते.

पुतण्या वर आला, पत्ता मागू लागला. मी त्याला म्हटले, दोन दिवस थांब. ते दोन दिवस दुकानात माझे कशातच लक्ष लागले नाही. एका गिऱ्हाइकाला चार इंचीच्या जागी तीन इंची पाइप गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी, तलावावरून फिरून आल्यावर, बाबूजी चहाला बसले होते, तिथे जाऊन मी सगळे सांगितले.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारले, “वजनावर दिली?”

“हो.”

“किती आले?”

मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, कळले नाही. त्या दिवशी ते माझ्याशी आणखी बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. मुलगा साठीचा झाला तरी बापाचे मौन त्याला पेलत नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पुतण्याला हाक मारली आणि कपाटातून एक लाल कापडी बांधणीची वही काढायला सांगितली. त्या वहीत गाडीचा सत्तावीस वर्षांचा हिशेब होता : पेट्रोल, टायर, बॅटरी, प्रत्येक प्रवासाचे किलोमीटर. 1978 च्या पानावर रंगाऱ्याला दिलेली रक्कम आणि रंगाचे वर्णन, “दुधी, किंचित पिवळा अंग”. आम्ही सारे तिला पांढरी समजत होतो. छायाचित्रे सगळी काळी-पांढरी. त्या वहीच्या एका पानात तर बाबूजींनी मागच्या डाव्या मडगार्डावरच्या खड्ड्याची नोंद केली होती, तारखेसह. तो खड्डा मी पाडला होता, अठराव्या वर्षी, गाडी शिकताना.

पुढचे चार महिने दुपारी दोघे गच्चीवरच्या खोलीत. बाबूजींना जिना चढवत नव्हता, म्हणून खुर्चीसकट दोघांनी उचलून न्यायचे. ते डोळे मिटून सांगत, मुलगा कापत असे. छताची वाक तीनदा चुकली. गरम पाण्यात पत्रा मऊ करून सागवानाच्या ठोकळ्यावर दाबायचा, ही युक्ती चौथ्या वेळी साधली. दुधी रंगासाठी पांढऱ्यात पिवळ्याचे थेंब मोजून घातले. सात थेंबांना बाबूजी “नाही” म्हणाले, पाचाला “हं”. मडगार्डावरचा खड्डाही केला आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा. मी तो नको म्हणालो होतो. कोणी ऐकले नाही.

गाडी आता दिवाणखान्यात काचेच्या पेटीत आहे, लांबी सुमारे सोळा सेंटीमीटर. पेटी खिडकीपासून दूर ठेवली आहे, कारण जळगावच्या उन्हात काचेआड ठेवलेले प्लॅस्टिक वाकडे व्हायला एक उन्हाळा पुरे. पुतण्या सकाळी दुकानात येतो, संध्याकाळी वर जातो. परीक्षेचे पुन्हा नाव काढलेले नाही. मीही काढत नाही.

परवा बाबूजींनी भिंग लावून गाडी पाहिली आणि म्हणाले, छतावरचा कॅरिअर राहिला. लग्नसराईत त्यावर कापडाचे गठ्ठे बांधून आम्ही धुळ्याला जात असू. पुतण्याने पितळेची तार आणली आहे. गठ्ठे किती होते, यावर सध्या दोघांचा वाद चालू आहे. वहीत दोन लिहिले आहेत, बाबूजी तीन म्हणतात.