शकुंतलेच्या जागेवर रेल्वे की बस?

शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून अचलपूर ते मूर्तिजापूर या पट्ट्यात दोन सूर ऐकू येतात. पहिला जुनाच आहे, 'आमची रेल्वे परत द्या'. दुसरा हल्ली शिकलेल्या तरुणांकडून येतो, 'रेल्वेचा हट्ट सोडा, रुळांच्या जागी बससाठी वेगळा मार्ग बांधा, परदेशात बांधतात तसा.' या दुसऱ्या सूचनेला हसून सोडून द्यावं असं मला वाटत नाही. माझं मत मात्र वेगळं आहे. आपल्याला रेल्वेच हवी, आणि ती येईपर्यंत एसटीच्या फेऱ्या वाढवून हव्यात.

परदेशात या प्रकाराला 'गाइडेड बसवे' म्हणतात. काँक्रीटच्या मार्गाला दोन्ही बाजूंनी उभ्या कडा असतात. बसच्या पुढच्या चाकांजवळ लहान आडवी चाकं बसवलेली असतात, ती या कडांना टेकून धावतात. चालकाला स्टिअरिंग फिरवावं लागत नाही, बस इकडेतिकडे सरकत नाही, त्यामुळे कमी रुंदीची जागा पुरते. म्हणूनच जुन्या रेल्वेची अरुंद पट्टी अशा मार्गाला चालते. शहर आलं की तीच बस मार्ग सोडून साध्या रस्त्याला लागते आणि थेट बाजारात, दवाखान्यापाशी जाते. आगगाडीला हे जमत नाही.

इंग्लंडमध्ये केंब्रिज ते सेंट आइव्हज ही रेल्वे १९७० मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली. ती पुन्हा सुरू करा, अशी अनेकांची मागणी होती. तिच्या जागेवर २०११ मध्ये बसमार्ग सुरू झाला. प्रवाशांनी तो वापरला, शेजारच्या वाटेवर सायकलीही धावू लागल्या. पण काम सुमारे दोन वर्षं रखडलं, खर्च ठरल्यापेक्षा बराच वाढला, काउंटी कौन्सिल आणि ठेकेदार यांचा वाद कोर्टापर्यंत गेला. पुढे या मार्गावर तिघांचे जीवही गेले. म्हणजे बसमार्ग स्वस्तात आणि बिनत्रासात होतो, हे खरं नाही.

याच्या उलट उदाहरण स्कॉटलंडचं आहे. एडिनबरोहून दक्षिणेकडे जाणारी रेल्वे १९६९ मध्ये बंद झाली होती. तिचा सुमारे ४८ किलोमीटरचा भाग २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. बहुतेक अंतर एकेरी रूळ असूनही पहिल्याच वर्षात दहा लाखांहून जास्त प्रवास झाले.

मग निवड कशी करायची? माझ्या मते एकच प्रश्न विचारावा. त्या गावाचा प्रवास नेमका कुठे अडतो?

केंब्रिजला तो शहराजवळच्या वाहनांच्या गर्दीत अडत होता. गर्दी टाळून बसला शहरात आणणं हे तिथलं काम होतं आणि बसमार्गाने ते केलं. आपल्याकडे असा मार्ग शोभेल तो पुण्यासारख्या शहरात. तिथे २००६ पासून बीआरटीच्या वेगळ्या मार्गिका आल्या, पण त्यांत दुचाक्या आणि रिक्षा शिरत राहिल्या. कडांच्या मार्गात अशी घुसखोरी सोपी नसते.

आमच्या अंजनगाव, दर्यापूरच्या रस्त्यावर बस वाहनकोंडीत अडकत नाही. इथे बसच वेळेवर मिळत नाही. फेऱ्या कमी, संध्याकाळची शेवटची गाडी लवकर. मी उर्दू शाळेत शिकवते, म्हणून हे रोज दिसतं. दहावीला चांगले गुण मिळवलेली मुलगी कॉलेजला जाईल की नाही, हे अनेक घरांत शेवटच्या एसटीवर ठरतं. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास आहे, २०२३ पासून सगळ्या बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे. पण गाडीच नसेल तर पास हातात घेऊन काय करायचं? याला काँक्रीटचे कठडे नकोत. याला चार जास्तीच्या फेऱ्या पुरतात, आणि त्या याच महिन्यात सुरू करता येतील.

आमचा प्रवास खरा अडतो तो लांबच्या वाटेवर. मोहल्ल्यातली पोरं कामासाठी मुंबई, सुरतला जातात. कुणाच्या अम्मीला कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईला न्यावं लागतं. इथला कापूस आणि संत्री दूरच्या बाजारात जातात. बसमार्ग बांधला तरी बस मूर्तिजापूरलाच थांबणार, आजारी माणसाला तिथे उतरून गाडी बदलावी लागणारच. मुंबई-हावडा मार्गाला जोडलेली ब्रॉडगेज रेल्वे असेल, तर अचलपूरला बसून थेट मुंबई गाठता येईल. बसमार्गाला रेल्वेसारखा मोठा खर्च लागेल आणि पोच मात्र एसटीएवढीच राहील.

रेल्वेवाल्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. शकुंतला होती तशी परत आणून उपयोग नाही. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापूस बंदरापर्यंत न्यायला ती बांधली. अडीच फुटी रूळ, मालकी स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीचीच. ७६ किलोमीटरला चार तासांच्या आसपास लागायचे. तिच्यावर आमचं प्रेम आहे, पण प्रेमापोटी इतकी हळू गाडी पुन्हा मागू नये. मागणी ब्रॉडगेजची, दिवसाला अनेक फेऱ्यांची आणि मुख्य मार्गाला थेट जोडण्याची हवी.

तोवर एक धोका लक्षात ठेवा. रूळ उखडले, पट्टीवर दुकानं आणि घरं उभी राहिली, तर रेल्वेही नाही आणि बसमार्गही नाही. केंब्रिज आणि स्कॉटलंड दोन्हीकडे काही करता आलं, कारण जुनी वाट बरीचशी शिल्लक होती. म्हणून आज आमदार-खासदारांकडे जाल तेव्हा तीन गोष्टी एकाच अर्जात लिहा: ही जागा राखून ठेवा, ब्रॉडगेजचं काम कधी सुरू होणार ती तारीख सांगा, आणि संध्याकाळची शेवटची एसटी दोन तास उशिरा सोडा. तिसऱ्या मागणीला पैसा फारसा लागत नाही. ती आधी मान्य करून घ्या, कारण या वर्षी दहावी झालेल्या मुली रेल्वेची वाट बघत थांबू शकत नाहीत.