वीस हजार गीतांचा हिशेब

बांगलादेशाचे गीतकार गाझी मझहरुल अन्वर यांचे ४ सप्टेंबर २०२२ रोजी ढाक्यात निधन झाले, तेव्हा त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी एक आकडा आवर्जून दिला : वीस हजारांहून अधिक गीते. १९६४ साली रेडिओ पाकिस्तानच्या ढाका केंद्रापासून सुरू झालेली ही कारकीर्द अठ्ठावन्न वर्षांची. म्हणजे सरासरीने रोज जवळजवळ एक गीत! आकडा फुगवलेला मानून निम्मा केला, तरी तो थक्क करणाराच ठरतो. पण एवढे लिहावे का लागते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

कोमिल्ला जिल्ह्यात १९४३ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी मुक्तियुद्धापूर्वीच 'जय बांगला, बांगलार जय' हे गीत लिहिले. आन्वर परवेझ यांनी त्याला चाल दिली आणि १९७१ मध्ये स्वाधीन बांगला बेतार केंद्राचे ते प्रारंभगीत झाले. शस्त्रांची चणचण असलेल्या लढ्यात ध्वनिक्षेपकाचे मोल केवढे होते, हे त्या पिढीला सांगावे लागत नाही. २००६ साली बीबीसीच्या बंगाली विभागाने श्रोत्यांचा कौल घेतला, तेव्हा सर्वश्रेष्ठ वीस गीतांत त्यांची तीन निघाली. २००२ चे एकुशे पदक व २०२१ चा स्वाधीनता पुरस्कार हे मान यथाकाल आले.

मान आले, मिळकतीचे काय? उपखंडातील चित्रसृष्टीची जुनी रीत अशी की, गीतकाराने एकरकमी मोबदला घ्यावा आणि गीताच्या पुढील उत्पन्नावरचा हक्क निर्मात्याकडे जावा. गीत पन्नास वर्षे वाजो वा पन्नास दिवस, लिहिणाऱ्याच्या पदरी तेवढेच. ज्याची मिळकत संख्येवर ठरते, तो संख्या वाढवतो. कारखान्यातील उक्त्या कामगाराची गोष्ट याहून निराळी नसते. अन्वर स्वतःही पुढे निर्माते-दिग्दर्शक झाले. मालकी कोणत्या खुर्चीत बसते, हे त्या धंद्यात कोणालाही दिसत असेलच.

भारतातही १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने निर्मात्याचीच बाजू बळकट केली होती. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा असा वाटा दिला, की तो त्यांना निर्मात्याच्या नावे लिहूनही देता येत नाही. बांगलादेशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. म्हणजे जे हक्क अन्वर यांनी करारात गमावले नसतील, ते २०८२ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांकडे राहतील. वीस हजारांपैकी अशी गीते किती, हे जुन्या करारांची दप्तरे उघडल्यावाचून कळणार नाही.