खालच्या गटाचा हक्क

पूर्वपक्ष असा आहे. युरोपात रग्बी युनियनची खरी स्पर्धा एकच, ती सिक्स नेशन्स. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स आणि इटली हे सहा देश ती दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये खेळतात. त्याच दिवसांत जॉर्जिया, रोमानिया, स्पेन, पोर्तुगाल, नेदरलँड्स वगैरे आठ देश रग्बी युरोप चॅम्पियनशिप खेळतात, पण ती दुसऱ्या फळीची. तिच्या विजेत्याने करंडक घ्यावा, टाळ्या घ्याव्यात आणि घरी जावं. वर येण्याची भाषा करू नये. कारण दर्जा नाही, पैसा नाही, परंपरा नाही.

बुलढाण्यात बसून या भांडणात पडायचं कारण काय, असं कोणी विचारील. कारण आहे. आपला जिल्हा ज्या विदर्भ संघाचा, त्याने हीच तीन वाक्यं अनेक वर्षं ऐकली आहेत. विदर्भ रणजी करंडक 1957-58 पासून खेळतो. 2002-03 मध्ये वरचा एलिट आणि खालचा प्लेट अशी विभागणी झाली आणि आपण अनेक हंगाम प्लेट गटात काढले. ‘विदर्भाविरुद्ध सामना’ म्हणजे बड्या संघांच्या फलंदाजांनी सरासरी सुधारून घ्यायची सोय, असं मुंबई-पुण्याकडचे जाणकार हसत म्हणायचे. मग 2017-18 आलं. उपांत्य फेरीत कर्नाटकाला पाच धावांनी हरवलं. इंदूरच्या होळकर मैदानावर अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणीने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली आणि फैज फझलच्या संघाने नऊ गडी राखून करंडक उचलला. पुढच्याच वर्षी सौराष्ट्राला हरवून तो राखला. 2024-25 मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसऱ्यांदा जिंकला.

आपल्याकडचा दर्जा काही एका रात्रीत उगवला नाही. अकादमी उभी राहिली, चंद्रकांत पंडितांसारखा कडक प्रशिक्षक आला, वासिम जाफरसारखा मुरलेला फलंदाज आला. पण या सगळ्यावर खर्च करण्यात अर्थ होता, कारण वर जायची वाट नियमात लिहिलेली होती. राजस्थानने तर 2010-11 चा हंगाम प्लेट गटात सुरू केला, हैदराबादला 21 धावांत गुंडाळलं आणि त्याच हंगामात बडोद्याला मागे टाकून थेट रणजी करंडक घरी नेला. प्लेटमधल्या अव्वल संघांना बाद फेरीत जागा होती म्हणून हे घडलं. ‘तुमची लायकी नाही’ असं आधीच ठरवलं असतं, तर राजस्थान काय चीज आहे हे कळायला मार्गच नव्हता.

आता दर्जाचा आक्षेप. तो निराधार आहे असं मी म्हणणार नाही. 2020 च्या शरद ऋतूत जॉर्जियाला मोठ्या संघांशी खेळायची संधी मिळाली आणि इंग्लंडने त्यांना 40-0 असं धुतलं. पण 10 जुलै 2022 रोजी बाटुमीत याच जॉर्जियाने इटलीला 28-19 हरवलं, आणि नोव्हेंबरमध्ये कार्डिफला जाऊन वेल्सला 13-12. तो सामना आठवण्यासारखा आहे. शेवटची काही मिनिटं उरलेली, वेल्स पुढे. स्क्रममध्ये जॉर्जियाच्या पुढच्या फळीने वेल्सला रेटलं, पंचांनी पेनल्टी दिली आणि लुका मत्कावाने ती मारली. स्क्रम म्हणजे आठ-आठ जणांनी खांद्याला खांदा लावून केलेली रेटारेटी. तिथे नशिबाचा भाग कमी, ताकद आणि तालमीचा जास्त. फ्रान्सच्या क्लबांत पुढच्या फळीत जॉर्जियन खेळाडू का दिसतात, याचं उत्तर तिथेच मिळतं. 2023 च्या विश्वचषकात पोर्तुगालने फिजीला 24-23 हरवलं, तोही याच ‘दुय्यम’ स्पर्धेत वाढलेला संघ.

आणि दर्जाचीच गोष्ट काढायची, तर इटलीची काढू. 2000 साली पाचाचे सहा झाले तेव्हा इटलीने पहिल्याच सामन्यात स्कॉटलंडला हरवलं, हे खरं. पण पुढे 2015 ते 2022 या काळात ते सिक्स नेशन्सचे सलग 36 सामने हरले. कोणी त्यांना बाहेर काढलं नाही, आणि काढायला नकोच होतं, असं माझं मत. आज इटली चांगलं खेळते ती त्या सहनशीलतेमुळे. मात्र एकाला बावीस वर्षं सांभाळून घ्यायचं आणि दुसऱ्याला दारातच दर्जाचा दाखला मागायचा, याला न्याय म्हणत नाहीत.

परंपरेचा मुद्दा तर अंगाशी येणारा आहे. 1931 साली ब्रिटिश मंडळींनी फ्रान्सलाच पंगतीतून उठवलं. खेळाडूंना पैसे देता, मैदानावर हाणामारी करता, असे आरोप ठेवून. उठवलेल्या फ्रान्सने 1934 साली इटली, रोमानिया, जर्मनी अशांना घेऊन फिरा ही संघटना काढली. आजची रग्बी युरोप तिचीच वारस. म्हणजे ही ‘खालची’ स्पर्धा वरच्यांच्या फटकून वागण्यातून जन्मली, आणि त्या वेळी खाली असलेला फ्रान्स 1947 मध्ये सन्मानाने परत आला. तेव्हा परतीचं दार होतं. शिवाय परंपरेची एक गंमत सांगतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपासाठी 1879 पासून झुंजतात, तो कलकत्त्याच्या बंद पडलेल्या क्लबाने बँकेतले चांदीचे रुपये वितळवून घडवला. कपाचे कान नागांच्या आकाराचे आणि झाकणावर हत्ती. आपली चांदी चालली, बाहेरचे खेळाडू चालत नाहीत!

पैशाचा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. जॉर्जिया चाळीस लाखांच्या आतला देश, तिथे टीव्हीचे हक्क किती रकमेला जाणार? 2021 मध्ये सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने सिक्स नेशन्सच्या धंद्यातला सातवा हिस्सा घेतला. गुंतवणूकदाराला अनिश्चितता नको असते. मग तसं सांगा की. हा सहा भागीदारांचा व्यवसाय आहे, सातवा नको, हे वाक्य निदान खरं आहे. गुणवत्तेचं सोवळं कशाला?

बंद दाराची किंमत काय असते, ते बुलढाण्याला विदर्भ संघापेक्षाही जवळून ठाऊक आहे. आपला प्रथमेश जावकर मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषक तिरंदाजीत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरसमोर उभा राहिला. श्लोसर तेव्हा जगात पहिला. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त आठ सेंटिमीटरचं. प्रथमेशने पंधरा बाणांत 149 गुण केले, म्हणजे चौदा दहा आणि एक नऊ, आणि एका गुणाने जिंकला. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांच्यासह सांघिक सुवर्णही आणलं. तरी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याला जागा नव्हती, कारण त्याचा कंपाउंड धनुष्याचा प्रकार तिथे नव्हताच. 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये येतोय, तोही फक्त मिश्र सांघिक. या मुलाने आणखी काय सिद्ध करायचं होतं?

आता मंडन. जॉर्जियाला इटलीच्या जागी सरळ बसवा, असं काही उत्साही म्हणतात. ते मला मान्य नाही. एका वाईट हंगामाने स्कॉटलंड बाहेर फेकलं गेलं, तर तिथली मुलांची रग्बीच उपाशी मरेल, ही भीती खोटी नाही. म्हणून आपोआप घसरण नको. दर दोन वर्षांनी सिक्स नेशन्समधला शेवटचा संघ आणि रग्बी युरोपचा विजेता यांच्यात एक सामना व्हावा, तोही वरच्या संघाच्या मैदानावर. हरणाऱ्या वरच्या संघाला पुढची दोन वर्षं उत्पन्नातला वाटा मिळत राहावा. यापेक्षा सावध मागणी करता येणार नाही.

खालच्या स्पर्धेलाही याने जीव येईल. जॉर्जिया 2018 ते 2025 सलग आठ वेळा जिंकला, आणि सलग आठ वेळा त्या विजयातून सिक्स नेशन्सकडे जाणारी वाट निघाली नाही. 2026 पासूनच्या नेशन्स चॅम्पियनशिप या आघाडीच्या देशांच्या स्पर्धेतही सिक्स नेशन्सचे सहाही जण न खेळता पात्र. वेल्स 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी तळाला राहिलं, दोन्ही वेळा एकही सामना न जिंकता. इतक्या मोठ्या रग्बीच्या देशाला आपण जॉर्जियापेक्षा सरस आहोत अशी खात्री असेल, तर हा सामना वेल्सनेच मागून घ्यावा.