धुपाला घड्याळ लावणाऱ्यांनो

"किती तास टिकतं?"

धुपाचं अत्तर लावून चारचौघांत गेलं की पहिला प्रश्न हाच येतो आणि माझं डोकं तडकतं. वास कशाकशाचा आहे, सकाळी एक आणि दुपारी दुसराच येतो का, याची कुणालाच पडलेली नसते. सगळ्यांना तास हवेत. टिकण्यालाच अत्तर म्हणायचं असेल तर कपाटातली डांबरगोळी अंगाला चोळा, ती महिनोन्महिने टिकते.

गेली बारा वर्षं मी मसाल्याची आणि राळेची अत्तरं वापरते आहे. यांच्यावर जेवढा अन्याय होतो तेवढा मोगऱ्यावर किंवा गुलाबावर होत नाही, कारण मोगरा पहिल्या क्षणी कळतो. धूप कळत नाही.

मागच्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका मॉलमध्ये हे डोळ्यांनी पाहिलं. विक्रेत्याने कागदाच्या पट्टीवर फवारा मारला, पट्टी हवेत हलवली आणि माझ्या शेजारच्या बाईंच्या नाकाखाली धरली. "शी, देवळातला वास!" निकाल लागला. पाच मिनिटांत अशा सात पट्ट्या झाल्या, मधेमधे हुंगायला कॉफीच्या बिया. त्या बियांनी नाक ताजंतवानं होत नाही. दाराबाहेर जाऊन साध्या हवेत चार श्वास घेतले तरी तेवढंच काम होतं.

त्या पट्टीवरून पहिल्यांदा काय उडतं? अल्कोहोल. त्यापाठोपाठ धुपाच्या तेलातली हलकी द्रव्यं, पाइनीन आणि लिमोनीन. म्हणून सुरुवातीला लिंबाच्या सालीसारखा, हिरवट, किंचित मिऱ्यासारखा झटका बसतो. जुन्या चर्चच्या दगडांत मुरलेला तो खरा धुपाचा वास ज्यांच्यामुळे येतो, ती ओलिबॅनिक आम्लं शास्त्रज्ञांना थेट २०१६ मध्ये सापडली, फ्रान्समधल्या नीस इथे. तेलात ती अत्यल्प असतात आणि पाइनीनच्या बरीच मागून येतात. ऊद, लॅबडॅनम यांसारख्या जड राळा तर त्याहूनही उशिरा अंगावर उघडतात, आणि त्यांना अंगाची ऊब लागते. कागदाला ऊब नसते. फोडणी तडतडली तेवढ्यावर आमटी नापास करणाऱ्याला आपण स्वयंपाकातलं कळतं असं म्हणू का?

माझं उदाहरण देते. रेई कावाकुबो यांच्या कॉम दे गार्सों या जपानी संस्थेने २००२ मध्ये धुपाच्या पाच अत्तरांची मालिका काढली: आव्हिन्यों, क्योटो, झागोर्स्क, वार्झाझात आणि जैसलमेर. यातलं जैसलमेर मी वापरते. सकाळी नऊला कोपराच्या आत एक फवारा. पहिली वीस मिनिटं दालचिनी आणि वेलची पुढे असतात, इतकी की कुणाला चहाचा मसाला आठवावा. इथेच लोक बाटली खाली ठेवतात. दहाच्या सुमाराला दालचिनीचा गोडवा ओसरतो आणि खालून सुकं लाकूड वर येतं, पेटीत वर्षानुवर्षं बंद असलेलं. दुपारी धूप आणि लाकूड एकमेकांत विरघळतात. तीननंतर ते इतकं जवळ येतं की कोपर नाकाशी नेल्याशिवाय सापडत नाही. दोषही सांगते. मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत त्यातली दालचिनी चिकट होते, तेव्हा मी ते लावत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र त्याला तोड नाही.

"दोन तासांत उडून गेलं" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते: उडालं नाही, तुमचं नाक सरावलं. सतत येणारा वास मेंदू बाजूला टाकतो. तुम्हाला येत नाही म्हणून तुम्ही पुन्हा चार फवारे मारता आणि लोकलच्या डब्यात शेजारचा माणूस गुदमरतो. या तासांच्या हट्टाने बाजाराचंही वाटोळं केलं आहे. टिकाऊपणा हवा म्हटलं की कारखान्याकडे उपाय तयार असतो: रसायनशाळेतली कोरडी, टोकदार अंबर-लाकडी द्रव्यं भरपूर ओतायची. ती आठवडाभर शर्टाला चिकटून राहतात आणि त्यांच्याखाली धूप, मसाला, राळ सगळं मरतं. मग बाटलीवर 'ऊद' लिहायचं. तेही फसवं, कारण तो अरबी ऊद म्हणजे अगरूचं लाकूड. आपल्या घरातला ऊद म्हणजे सुमात्राकडच्या झाडाचा डिंक. दोन्ही हातात घेऊन न हुंगता मत देणाऱ्यांची मात्र कमतरता नाही.

ओमानचा धूप म्हटलं की हेच लोक हरखतात. त्याच बॉसवेलिया प्रजातीतली सालई मेळघाटात, सातपुड्याच्या रांगांत उभी आहे. तिचा डिंक निखाऱ्यावर टाकून एकदा बघा म्हणावं.

आणि तो 'देवळातला वास'! ऑफिसात एकीने मला विचारलं होतं, "घरी कुणी गेलं का गं?" ऊद काय फक्त मरणाच्या घरात जळतो? बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घातल्यावर शेगडीतल्या निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा आणि ऊद टाकून धुरी देतात. अशा घरांत जन्मलेल्या कितीतरी जणांच्या जावळात पहिला शिरलेला परका वास हाच होता. परफ्यूम हा शब्दसुद्धा लॅटिनमधल्या 'धुरातून' या अर्थाच्या शब्दांवरून आला आहे. धुराचा वास येतो म्हणून अत्तराला नाक मुरडणाऱ्याने अत्तराच्या मुळालाच नाक मुरडलं.

तेव्हा माझी एक मागणी आहे. पुढच्या वेळी धुपाचं अत्तर आवडलं नाही असं वाटलं, तर दुकानात तोंड उघडू नका. एकच फवारा कोपराच्या आत घ्या, चोळू नका, आणि बाहेर पडा. बाजार करा, जेवा, दुपारची झोप काढा. तासातासाला हुंगत बसू नका. मत संध्याकाळी द्या.